काटा एक, सिलिंडर सहा

तांडेलाची तक्रार एका वाक्याची होती. जाळं ओढताना इंजिन तापतं आणि जाळं वर घेताना थंड पडतं. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात लागलेली ही लाकडी ट्रॉलर. तिच्यातलं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मुळात ट्रकसाठी घडवलेलं, नंतर समुद्राच्या कामाला लावलेलं आणि आता चांगलंच म्हातारं. ओढीवर काटा ९५ अंशांच्या पुढे जायचा. न्यूट्रलवर थोडा वेळ गेला की ५५वर उतरायचा. मधल्या कुठल्याच आकड्यावर तो टिकत नव्हता. त्यात मागच्या दोन सिलिंडरांजवळचा रंग करपून काळपट झालेला, पुढच्या चारांचा मात्र शाबूत.

या दुखण्यावर दोघांची मतं दोन टोकांची होती. एक जेटीवरचे जुने मिस्त्री. सगळे त्यांना मामा म्हणतात. दुसरा कोचीच्या सिफनेट संस्थेतून मरीन फिटरचा कोर्स करून आलेला तरुण. मामांचा हात इंजिनावर आणि कान धुराड्याकडे. फिटरच्या हातात इन्फ्रारेड थर्मामीटर. नेम धरला की पृष्ठभागाचं तापमान दाखवणारं ते पिस्तूल खलाशांना फार आवडलं होतं. दोघांचं बोलणं इथे थोडं नीटनेटकं करून देतो. शिव्या गाळल्या आहेत.

मिस्त्री : यात बघायचंय काय एवढं? कूलरच्या नळ्यांत खार बसलाय. ॲसिड मारू, संध्याकाळी बोट पाण्यात.

फिटर : मामा, खार असेलही. पण आधी काटा खरं बोलतोय का ते बघू.

मिस्त्री : काटा खोटा असता तर रंग करपला असता का?

फिटर : रंग सहाव्या सिलिंडरवर करपलाय. काट्याचा सेन्सर पुढे, थर्मोस्टॅटच्या घराजवळ. तो मागचं काय सांगणार? आणि पाणी कमी झालं की सेन्सर वाफेत लटकतो. मग इंजिन जळत असतं आणि काटा खाली आलेला असतो.

हा मुद्दा मामांनी मानला, कारण तसं जळालेलं एक इंजिन त्यांनीच उघडलेलं होतं. सेन्सर काढून, वायर जोडलेली ठेवून, स्टोव्हवरच्या उकळत्या पाण्यात धरला. बंदरावर हा एक मोठा फायदा आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळतं, त्यामुळे काटा तपासायला दुसरं काहीच लागत नाही. काट्याने ९७ दाखवले. तीन अंशांचा फरक या वयात क्षम्य. पण तांडेलाने डेकवरचे दिवे लावले आणि काटा टुणकन हलला. अर्थिंगची वायर गंजलेली निघाली. ती बदलून ब्लॉकला थेट जोडली. रात्रीच्या ओढीला काटा जास्त नाचतो असं तांडेल म्हणत होता, त्यातला थोडा भाग इथेच संपला.

बाकीचा शिल्लक होता. दुसऱ्या दिवशी बोट बाहेर काढली, जाळं टाकलं आणि भाराखाली मोजणी सुरू झाली. जेटीला बांधून, न्यूट्रलमध्ये इंजिन तपासणारे बरेच असतात. त्यांना काहीच सापडत नाही, कारण उष्णता जळलेल्या डिझेलाच्या मापात तयार होते. ट्रक घाट चढतो आणि पलीकडे उतरताना दम घेतो. ट्रॉलरचं इंजिन मात्र एकेका ओढीला तीन-तीन तास घाटच चढत असतं, तेही ताशी जेमतेम तीन सागरी मैलांच्या वेगाने. बोट हळू चालते म्हणून इंजिनही आरामात असेल असं वाटणाऱ्याने एकदा ओढीच्या वेळी इंजिनखोलीत उतरून बघावं.

आता या इंजिनाची पाण्याची व्यवस्था सांगितली पाहिजे. पाणी दोन प्रकारचं. ब्लॉकमधून आणि हेडमधून फिरणारं गोडं पाणी बंद चक्रात असतं. ते थंड करायला समुद्रातून ओढलेलं खारं पाणी येतं आणि धुराबरोबर बाहेर जातं. दोघांची गाठ कूलरमध्ये पडते. तिथे नळ्यांच्या आतून खारं, बाहेरून गोडं. पाणी एकमेकांत मिसळत नाही, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते. फार जुन्या बोटींत समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमध्येच फिरायचं. तेव्हा इंजिन साठ अंशांच्या आसपासच ठेवावं लागे, कारण त्याहून फार तापलं की खाऱ्या पाण्यातला चुना आतल्या भिंतींवर धरू लागतो.

पहिलं माप खाऱ्या पाण्याचं. पिस्तूल कूलरच्या बाहेरच्या पितळी तोटीवर धरलं. आकडा आला ३६.

फिटर : आत येणारं पाणी २९, बाहेर पडणारं ३६. फरक सात. म्हणजे खारं पाणी भरपूर वाहतंय. मामा, खार बसला असं तुम्ही म्हणता ते खरं दिसतंय.

मिस्त्री : तुझं यंत्र गटारात टाक. ह्या तोटीला मी हात लावला, जास्त वेळ धरवला नाही. छत्तीस अंश म्हणजे आपल्या अंगाएवढं पाणी. त्याने हात भाजतो होय?

मामा बरोबर होते. चकचकीत पितळ, तांबं, स्टील यांच्यातून उष्णता कमी किरणांच्या रूपाने बाहेर पडते आणि आजूबाजूचंच प्रतिबिंब यंत्राला दिसतं. त्यामुळे आकडा खोटा, बहुधा कमी येतो. हे कोर्समध्ये शिकवतात. पण बोट हलत असताना, डिझेलच्या वासात, ते आठवणं वेगळं. फिटरने कान पकडले आणि काळ्या मॅट रंगाचा एकेक ठिपका प्रत्येक तोटीवर दिला. ठिपका वाळल्यावर तीच तोटी ४७ बोलली.

फिटर : एकोणतीस ते सत्तेचाळीस. फरक अठरा. आता सगळंच उलटलं. शेजारच्या बोटीत हेच इंजिन आहे, परवा तिच्यावर मोजलं होतं, ओढीला फरक आठ. उष्णता तेवढीच आणि पाणी दुपटीहून जास्त तापतंय, म्हणजे पाणी निम्म्याहून कमी येतंय.

मिस्त्री : मग तेच सांगतोय ना मी, खार बसला.

फिटर : नाही मामा. नळ्यांना पातळ खार धरला तर उष्णता भिंतीतून जात नाही, पण पाणी वाहतं तेवढंच. मग खाऱ्या पाण्याचा फरक आठच राहिला असता आणि गोडं पाणी तापत गेलं असतं. इथे पाणीच अडलंय. आधी गाळणी, मग ओढीचा होज, मग इम्पेलर.

या लेखातली सर्वांत कामाची गोष्ट हीच, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. एका जागेचं तापमान कितीही अचूक मोजलं तरी ते फक्त तक्रार सांगतं. दोन जागांमधला फरक कारण सांगतो. खाऱ्या पाण्याच्या आत-बाहेर फरक वाढला तर खारं पाणी कमी. तो फरक नेहमीचा आणि तरी इंजिन गरम, तर कूलरची भिंत मळलेली. गोड्या पाण्याचा इंजिनात शिरताना आणि बाहेर पडतानाचा फरक वाढला तर गोडं पाणी नीट फिरत नाही, म्हणजे बेल्ट सैल किंवा पंपाचं पातं झिजलेलं. आणि सगळे फरक एकाच प्रमाणात वाढले असतील, शिवाय धूर काळा असेल, तर दोष कूलिंगचा नाहीच. इंजिनावर भार जास्त आहे. तळाला शिंपल्यांची पुटं चढली असतील किंवा बोटीचा पंखा (प्रोपेलर) मोठा बसवला असेल.

गाळणी स्वच्छ होती. ओढीचा होज बाहेरून ठणठणीत. जुन्या होजचा आतला पापुद्रा सुटून चोषणाच्या जोराने नळी बंद करतो आणि इंजिन थांबलं की पुन्हा मागे सरतो, म्हणून तो दाबून, वाकवून पाहिला. ठीक. खाऱ्या पाण्याच्या पंपातला इम्पेलर उघडला तर रबराची सगळी पाती जागेवर.

मिस्त्री : नारळी पौर्णिमेच्या आधी मीच नवा टाकला होता.

फिटर : जुन्याची किती पाती तुटली होती?

मिस्त्री : दोन-तीन असतील.

फिटर : ती कुठे गेली?

मामा काही बोलले नाहीत. मग त्यांनीच कूलरच्या तोंडावरचं झाकण खोलायला पाना उचलला, आणि खोलण्याआधी तळहात झाकणावर फिरवून सांगितलं की वरचा अर्धा भाग गरम आहे, खालचा गार, तेव्हा अडथळा खालच्या नळ्यांत नाही, वरच्या तोंडाशी आहे. पिस्तुलाने हे दाखवायला चार ठिपके लागले असते. झाकण निघालं. नळ्यांच्या तोंडात काळ्या रबराचे तुकडे अडकले होते आणि त्यांच्या मागे राखाडी, भुसभुशीत झिंकचा चुरा. कूलरमध्ये गंज स्वतःवर घेण्यासाठी झिंकची कांडी असते. ती वेळेत बदलली नाही की तिचाच तुकडा मोडून नळ्या बुजवतो.

फिटर : मामा, ॲसिडने रबर विरघळलं नसतं.

मिस्त्री : कळलं. एवढं मोठ्याने सांगायला नको.

ॲसिडबद्दल माझंही एक मत इथेच. आपल्याकडे ते पहिलं औषध म्हणून वापरलं जातं. ते जोरकस झालं किंवा जास्त वेळ ठेवलं तर खाराबरोबर नळ्यांचं पितळ आणि सांध्यांचं डाख दोन्ही खातं. मग पुढच्या हंगामात खारं पाणी गोड्यात शिरतं. नळ्यांतून बारीक लाकडी काठी फिरवून साफ होत असेल तर बाटलीला हातच लावू नये.

कूलर साफ झाल्यावर खाऱ्या पाण्याचा फरक नऊवर आला. ओढीला काटाही थोडा उतरला, पण नाचायचा थांबला नाही. आणि इथून खरा वाद सुरू झाला, कारण थर्मोस्टॅटचं घर उघडलं तेव्हा आत थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर कूलरची वाट उघडणारी झडप, नव्हताच.

फिटर : हा कुणी काढला?

मिस्त्री : मी. गेल्या हंगामात तीस वाव पाण्यात तो बंद अवस्थेत अडकला. काढून फेकला, इंजिन गार झालं, बोट घरी आली. माझं सगळं आयुष्य मी थर्मोस्टॅट काढण्यात घालवलंय. थंड देशातल्या गाड्यांसाठीची वस्तू ती. आपल्याकडे समुद्रच कोमट, त्यात इंजिन गरम ठेवायला आणखी झडप कशाला?

फिटर : समुद्रात काढलात ते योग्यच. पण बंदरात आल्यावर नवा का नाही टाकला?

मिस्त्री : गार चालणाऱ्या इंजिनाने कुणाचं वाकडं केलंय?

फिटर : लायनरचं केलंय. पंचावन्न अंशांवर डिझेल पुरतं जळत नाही, भिंतीवरचं तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. धुरातला गंधक आणि वाफ गार भिंतीवर मिळून आम्ल होतं, ते लोखंड खातं. सुरू केल्यावर बराच वेळ पांढरा धूर येतो, तो तुम्ही रोज बघता. लायनर किती हंगामांनी बदलता?

मिस्त्री : ते बदलावेच लागतात.

फिटर : बदलावे लागतात म्हणून बदलता, का गार चालवता म्हणून बदलावे लागतात?

इथे मामा चिडले. त्यांचं म्हणणं मी पूर्ण देतो, कारण ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. समुद्रात अडकलेली झडप अर्ध्या तासात हेड वाकडं करते आणि गॅस्केट उडवते. गार इंजिन मात्र हळूहळू झिजतं. हळू झिजणं परवडतं, कारण तेवढ्या वेळात मासळी मिळते. फेरी अर्धी सोडून आलं तर डिझेल, बर्फ आणि खलाशांची मजुरी सगळं मालकाच्या डोक्यावर बसतं. मिस्त्रीला पैसे बोट बाहेर गेली तरच मिळतात. दोष शोधत बसण्याचे पैसे कोणी देत नाही.

हा हिशेब खोटा नाही. पण त्यात एक गृहीत आहे, की थर्मोस्टॅट काढला की इंजिन गारच राहतं. या बोटीत ते तसं नव्हतं, आणि फिटरने ते तीन ठिपक्यांवर दाखवलं. हे आकडे कूलर उघडण्याच्या आधीच्या ओढीचे. इंजिनातून बाहेर पडणारं पाणी ९५. कूलरमधून थंड होऊन निघालेलं ८१. पण पंपाच्या तोंडाशी, जिथून ते पुन्हा इंजिनात शिरतं, तिथे ८६.

फिटर : कूलरने एक्क्याऐंशीला दिलेलं पाणी पंपापर्यंत येता येता शहाऐंशी कसं झालं? वाटेत कोण तापवतंय?

मिस्त्री : बायपास.

फिटर : हो. ह्या थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. वरची कूलरची वाट उघडते तेव्हा खालची बायपास बंद करते. तुम्ही दोन्ही काढल्या. आता तापलेल्या पाण्याचा तिसरा हिस्सा कूलरकडे न जाताच पंपात परततो. भार नसला की इंजिन नको इतकं गार आणि भार आला की गरम, दोन्ही त्याच एका रिकाम्या जागेमुळे.

मिस्त्री : दुसऱ्या बोटींत मी बायपासमध्ये लाकडाची खुंटी मारतो.

फिटर : मग त्या तापत नाहीत, फक्त झिजतात.

मी याबाबतीत फिटरच्या बाजूचा आहे, आणि ते लपवत नाही. थर्मोस्टॅट काढून बोट बंदराला आणणं ही कारागिरी आहे. त्याशिवाय ती पुन्हा बाहेर पाठवणं ही सवय आहे, आणि कोकण किनाऱ्यावर ही सवय इतकी मुरली आहे की जुन्या बोटीत तो जागेवर सापडला तर आश्चर्य वाटावं. समुद्र कोमट असतो हा युक्तिवादही टिकत नाही. आपल्याकडचं २९ अंशांचं पाणी ८२ अंशांच्या इंजिनापुढे थंडच आहे.

७७चा शिक्का असलेला नवा थर्मोस्टॅट आणला. बसवण्याआधी दोरीने भांड्यात लटकवला, शेजारी थर्मामीटर. ७७ला फट पडली, ८८च्या सुमारास पूर्ण उघडला. तो भांड्याच्या तळाला टेकू देऊ नये, तळ पाण्याहून जास्त तापलेला असतो आणि झडप लवकर उघडल्याचा भास होतो. नवीन डब्यातली वस्तूही अशी तपासावी. नवी म्हणजे चांगली असं नसतं.

राहिला सहावा सिलिंडर. हेडवर प्रत्येक सिलिंडरपाशी मोजलं तेव्हा पहिले चार ८८ ते ९१ होते, पाचवा ९७, सहावा १०४.

फिटर : सहाव्याचा नोझल गळतोय. जास्त डिझेल, जास्त उष्णता.

मिस्त्री : थांब.

मामांनी इंजिन मंद ठेवून एकेका सिलिंडरच्या डिझेल पाइपचा नट पान्याने किंचित सैल केला, चेहरा दूर ठेवून, चिंधी वर धरून. (हे नवशिक्याने करू नये, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.) प्रत्येक वेळी इंजिनाचा आवाज सारखाच बसला. सहाव्यालाही तेवढाच. धुराचा रंगही बदलला नाही.

मिस्त्री : नोझल ठीक आहे. इंजिन बसवलंय कसं बघ. शाफ्ट मागे उतरता, म्हणून इंजिनाचं शेपूट खाली. गोड्या पाण्यात तुम्ही लोक कूलंट सांगता, हा तांडेल जेटीच्या विहिरीचं मचूळ पाणी ओततो. वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ कुठे बसणार? मागे, खाली. सहाव्याच्या पायाशी.

मागचा निचऱ्याचा कॉक उघडला. थेंब आला नाही. तार घालून खुपसलं तेव्हा आधी लालसर चिखल आला आणि मग पाणी. मोजमापाने इथे जागा बरोबर दाखवली होती, कारण मात्र चुकीचं धरलं गेलं होतं. जुन्या इंजिनात हे नेहमी होतं, एकाच वेळी तीन दोष एकमेकांवर बसलेले असतात आणि पहिला सापडला की माणूस थांबतो. ही ट्रॉलर याआधी दोन ठिकाणी अशीच ‘दुरुस्त’ होऊन आली होती. एकीकडे होज बदलला, दुसरीकडे रेडिएटरचं झाकण. दोन्ही कामं चांगली झाली होती आणि दोन्हींचा दोषाशी संबंध नव्हता.

मागच्या भागातून साफ पाणी येईपर्यंत धुतलं, कूलंट मिसळलेलं पाणी भरलं. भरताना पुढच्या टोकाचा हवेचा स्क्रू उघडा ठेवला, कारण शेपूट खाली असलेल्या इंजिनात हवा पुढे वर अडकते, नेमकी थर्मोस्टॅट आणि सेन्सर यांच्याजवळ. तिथे हवेचा बुडबुडा राहिला तर नवा थर्मोस्टॅटही उशिरा उघडतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मिस्त्री : आता ओढीला किती दाखवेल म्हणतोस?

फिटर : पंच्याऐंशी.

मिस्त्री : आणि सहावा?

फिटर : ते तुम्ही सांगा.

मिस्त्री : सहावा जास्तच राहणार. ब्लॉकच्या आत घट्ट बसलेला गाळ कॉकमधून येत नाही. त्याला हेड उतरवायला लागेल.

ओढीला काटा ८४ ते ८६मध्ये राहिला, न्यूट्रलवर ७८. सहावा सिलिंडर पहिल्या चारांहून सहा अंशांनी गरम आहे. हेड १ जूनला मासेमारीची बंदी लागल्यावर उतरवायचं ठरलं आहे.

ज्यांच्या बोटी बंदीत किनाऱ्यावर असतात, त्यांना एवढंच सांगणं. ३१ जुलैपर्यंत हाताशी पुष्कळ वेळ असतो. थर्मोस्टॅट आणि सेन्सर दोन्ही काढून स्टोव्हवरच्या भांड्यात तपासा, इम्पेलर बदलताना तुटलेली पाती मोजा आणि सगळी सापडल्याशिवाय कूलरचं झाकण लावू नका. आणि इंजिन ठीक चालत असेल तेव्हाच, ओढीच्या आरपीएमला, आत-बाहेरचे आकडे मोजून इंजिनखोलीच्या फळीवर रंगाने लिहून ठेवा. शेजारची बोट दर वेळी जवळ असेलच असं नाही.